पाणाड्याची खुर्ची

युसूफ वडगावात कुणाच्या रानात पाणाड्या आला की गौतममामा घरून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन निघायचा. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून रानभर फिरे आणि नारळ उभा राहील तिथं टाच रोवून म्हणे, "इथं घ्या बोअर." मामा तिथंच शेजारी खुर्ची मांडायचा. "बसा महाराज." पाणाड्याला वाटे, मान मिळाला. मग मामा सांगायचा, "आता गाडी येईल, बोअर पाडंल. पाणी लागस्तोवर हितंच बसायचं. सांगणाऱ्यानं जागा सोडायची न्हाई." बोअरची पांढरी भुकटी पाणाड्याच्या मिशांवर, नारळावर बसत राहायची. दोघे-तिघे असे पिठातून काढल्यासारखे होऊन गेले, आणि मग आमच्या गावाचं नाव काढलं की पाणाड्यांना दुसरीकडे काम निघू लागलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. त्याच्या बापाचं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं. हा शिकून वीज कंपनीत लाइनमन झाला. मला वाचायला त्यानंच लावलं. जयंतीला केजला जायचा आणि स्टॉलवरच्या पातळ पुस्तिका पिशवीभर आणायचा. "आदी वाच, मंग भांड," म्हणायचा. मी दोन्ही शिकले.

निवृत्तीनंतर मुलानं त्याला मोठा मोबाइल घेऊन दिला आणि त्या मोबाइलमधून तो माणूस घरात आला. त्याचं नाव लिहून मी फुकट जाहिरात करणार नाही. पांढराशुभ्र सदरा, मागे फिरणारी निळी पृथ्वी, आणि तोंडात 'कदाचित' हा शब्द कधीच नाही. उद्या कोणतं यंत्र येणार आणि कोणाचं काम जाणार, हे तो सांगायचा. एके दिवशी म्हणाला, "हातानं ऊस तोडणं संपलं. थोड्याच वर्षांत कोयता संग्रहालयात दिसेल." शेअर घ्या, असं तो एकदाही म्हणाला नाही. फक्त ऊसतोडीचं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि खाली शेअरचं खातं उघडायची लिंक द्यायचा. उघडलेल्या खात्यामागे त्याला पैसे मिळतात, हे सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात. पाणाड्या नारळ घेऊन यायचा, हा आलेख घेऊन आला. नारळ असता तर मामानं त्याला ओळखलं असतं.

मामा हावरा नव्हता, म्हणून तर मला जास्त संताप येतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन जित्या माणसांना मिळून एका हत्याराचं नाव. ते मामाला जन्मभर बोचलं. "कोयता जाणार म्हणतो ना त्यो?" मामा म्हणाला. "मंग ज्या मशीननं जाणार, तिच्यात कोयत्याचा हिस्सा पायजे. न्हाई तर ऊस बी त्यांचा आन् मशीन बी त्यांची." आपली पुंजी त्यानं त्या शेअरमध्ये घातली. एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण माझी थोरली बहीण, अक्का, दरसाल नवऱ्याबरोबर फडावर जाते. दारात पिठाची गिरणी टाकून हे जाणं बंद करायचं, म्हणून तिनं पैसे साठवले होते. तेही मामानं तिकडंच घालायला लावले.

"मामा, ह्यो बी पाणाड्याच हाय," मी म्हणाले.

"विज्ञानाला पाणाड्या म्हणती व्हय? पुस्तिका काय रद्दीत घातल्या का?"

"मशीन बनवणारा निराळा, मामा. भाकीत सांगून कमिशन खाणारा निराळा."

"लई शिकलीस."

अक्का भाकरी थापत होती. "तुमी भांडा दोगं. मला एवढंच सांगा, फडावर जाणं कवा सुटंल?"

"औंदा जा," मामा म्हणाला. "पुढल्या साली न्हाई."

पुढल्या साली शेअर घसरत गेला, आणि मग विकायला काढला तरी घेणारा राहिला नाही. तो माणूस तोवर ड्रोनवर बोलू लागला होता. उसाचा व्हिडिओ शोधून सापडेना.

बीडच्या एका मंगल कार्यालयात त्याचं मोफत व्याख्यान ठेवलं होतं. मी मामाबरोबर गेले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मामानं स्वतःची खुर्ची उचलली, व्यासपीठासमोर नेऊन मांडली. "साहेब, बसा. तुमी सांगितल्यालं होईस्तोवर हितंच बसा."

सभागृह हसलं. तोही हसला. "काका, मी दिशा सांगतो. कंपनी कोणती, वेळ कोणती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गुंतवणुकीत संयम लागतो."

टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत आमच्यासारखेच बुडालेले होते. मागच्या रांगेत ते एकमेकांना त्याच शेअरचं विचारत होते. फसलो हे कबूल करण्यापेक्षा टाळी सोपी असते, आणि असल्या माणसांचा धंदा त्या टाळीवर चालतो.

दसरा झाला. अक्काच्या ऊसतोड टोळीचा ट्रक भरायला लागला तेव्हा मामा खुर्ची घेऊन आला आणि ट्रकवर चढवू लागला.

"तू कावून चाललास?" अक्कानं विचारलं.

"भाकीत मी बी केलतं. तुझं लेकरू संबाळीन. खरं होईस्तोवर बसतो."

त्या थंडीत मी फडावर गेले. अक्काच्या कोपीपुढे, त्या पाचटाच्या झोपडीपुढे, मामा खुर्चीत बसला होता, मांडीवर लेकरू. त्याच दिवशी शेजारच्या बागायतदाराच्या उसात हार्वेस्टर आला. डोळ्यांदेखत सऱ्याच्या सऱ्या आडव्या झाल्या. मुकादम आला आणि म्हणाला, उद्यापासून निम्मे कोयते घरी. त्यात अक्काचा होता.

अक्का मोळी टाकून मशीनकडे बघत राहिली. "आली की तुझी मशीन, मामा. ऊठ आता."

मामा उठला. बांधापर्यंत गेला, मशीनवरचं नाव वाचलं. कंपनी दुसरीच होती. तो परत येऊन बसला. पाचटाची धूळ उडत येत होती, त्याच्या भुवयांवर बसत होती.

"पाणी लागलं पोरी," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बोअरला."

त्याच आठवड्यात त्या माणसाचा नवा व्हिडिओ आला. उसात चालणारा हार्वेस्टर, आणि वर मोठ्या अक्षरात, 'मी सांगितलं होतं.' मागे पृथ्वी फिरत होती. सदरा तसाच पांढराशुभ्र होता.