भावाचा ब्रेक

थोरला भाऊ जळगावला, मी धुळ्याला. कॉम्प्युटर गेममधली कार रेस जिंकल्याचा पुरावा म्हणून त्याने फ्लॉपी पाठवली. कॉम्प्युटर क्लासमध्ये मी रिप्ले लावला, तर गाडी पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळली. मी तडक फोन लावला, "भाऊ, थापा मारायलाही अक्कल लागते!"

"गाडी कोणती निवडलीस?"

"निळी."

"अगं, मी लाल चालवली होती!"

फ्लॉपीत चित्र नव्हतंच. कोणतं बटण कधी दाबलं, तेवढंच होतं. त्यावरून गेम निवडलेली गाडी नव्याने पळवायचा; निळीचा वेग वेगळा, म्हणून ती आदळली. लाल निवडल्यावर भाऊ जिंकला. वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, अगदी स्कूटरवर दाबायचा तसा.

मग त्याच लाल गाडीने मी त्याला हरवलं आणि फ्लॉपी परत पाठवली. त्या वळणावर मी ब्रेक दाबलाच नव्हता.