अर्धा वाटा तारली

ग्रामसभेत मी जे बोललो ते मला तेव्हा अजिबात चुकीचं वाटलं नव्हतं. म्हणालो, घर स्वतःचं असेल आणि रेशनचे तांदूळ फुकट मिळत असतील, तर निराधार पेन्शनच्या पंधराशे रुपयांत एका माणसाचं भागलंच पाहिजे. भागत नसेल तर खर्च करायची अक्कल नाही.

मागून आमच्या शेजारची काकी उठली. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, तिला तीच पेन्शन.

"उंटावरना शेळ्या नको हाकू," ती म्हणाली. "खाली उतर आनि महिनाभर भागवून दाखव."

अख्खी सभा हसली. मी सतराव्या वर्षी आंब्याचे जुने खोके विकत घ्यायचो, वाकलेले खिळे ठोकून सरळ करायचो आणि तेच खोके पुन्हा विकायचो. आज मिरजोळ्याला माझा स्वतःचा खोक्यांचा कारखाना आहे, टेम्पो आहे. मी उंटावर जन्मलेलो नाही. ते वाक्य मला अजून सलतं.

तिथंच ओरडलो, "दाखवतो! जमलं तर तू पुढच्या सभेत सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं."

"आनि नाय जमलं तर?"

"तूच सांग."

तिचं उत्तर तयार होतं. "आमी पाचजनी पेन्शनवाल्या. दर महिन्याला तुज्या टेम्पोतना रत्नागिरीला बँकेत न्यायचं, आनूनपन सोडायचं. मी जिवंत हाय तवर."

मी ते एका वर्षावर आणायचा प्रयत्न केला. म्हातारी हलली नाही. तिचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला दोघींनी धरून चढवावी लागते, हे मी कितीदा तरी बघितलं होतं. पण तेव्हा रागात होतो.

घरी बायकोने स्पष्ट सांगितलं, "मला त्यात ओढू नका. मी माझ्या घरात, माझ्या पद्धतीने जेवणार." मग मी मागच्या पडवीत एक स्टोव्ह, दोन टोप आणि एक ताट घेऊन संसार मांडला. रेशनच्या हिशोबाने पाच किलो तांदूळ मोजून घेतले.

पहिल्याच दिवशी ओळखीच्या दुकानात जाऊन डाळ, तेल, कांदे, मसाला घेतला आणि ऐंशी रुपये कमी करून आणले. पिशवी मुद्दाम काकीच्या अंगणातून नेली.

"बघ. याला अक्कल म्हणतात."

"मी गेले असते तर कमी केलान असतान?" तिने विचारलं. "तुज्या कारखान्याची चहा-साखर त्याच्याकडनं जाते. तुज्या तोंडाकडं बघून दिलान त्यानी. ह्ये चालायचं नाय."

मी अर्धा तास भांडलो. मग जाऊन ऐंशी रुपये परत दिले. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं, माझं काहीतरी बिनसलं.

पुढच्या खेपेला लांबच्या दुकानात गेलो, जिथं मला कोणी ओळखत नाही. पाव किलो डाळ मागितली आणि भाव करायला लागलो. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "घ्यायची तर घ्या." भाव पाडायच्या माझ्याकडे दोनच युक्त्या. एक, भरपूर माल घेईन म्हणायचं. दुसरी, उठून चालू लागायचं. पाव किलोवाल्याला पहिली शोभत नाही, आणि दुसरी केली तर पुढच्या दुकानापर्यंत तंगडतोड. मी पूर्ण पैसे मोजले. इतकी वर्षं ज्याला मी माझी हुशारी समजत होतो, त्यातली निम्मी माझ्या खिशाची होती, हे त्या दिवशी कळलं. बायकोला मात्र सांगितलं नाही.

तरी ते दिवस वाईट गेले नाहीत. कुळथाचं पिठलं मला फार चांगलं जमतं, हा शोध लागला. पँट सैल झाली. संध्याकाळी काकी परीक्षा घ्यायला यायची, पडवीच्या कट्ट्यावर बसून माझं टोपातलं बघायची आणि नावं ठेवायची. "पानी किती घातलंस? म्हशीला घालायचंय काय?" कारखान्यात दिवसभर माझ्याशी असं कोणी बोलत नाही. मी तिची वाट बघायला लागलो होतो.

पेन्शनच्या दिवशी तिने मला सोबत नेलं. एसटीने, माझ्याच पंधराशेतून तिकीट काढून. बँकेत तिचा अंगठा मशीनवर उठेना. जन्मभर कातळावर गवत कापून बोटं घासून गेलेली. साबणाने धुतली, पदराला पुसली, पुन्हा लावली. नाही. मी काउंटरवर आवाज चढवला.

"ओरडून अंगठा उठत नाही, काका," आतला पोरगेला क्लार्क शांतपणे म्हणाला. "परवा या."

तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तिकीट. तेव्हा एकदाचा अंगठा उठला. परतताना तिने माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवली.

चोविसाव्या दिवशी नाक्यावर ताजी तारली आली. तीन आठवडे मी मासळीला हात लावला नव्हता आणि रोज पडवीत घरातल्या तळणीचा वास घेत होतो. आमच्याकडे बारीक मासळी वाट्यावर विकतात, ढीग मांडून. वाटा मोडून देत नाहीत. एक वाटा ऐंशी रुपये, आणि एवढे मोडले असते तर पुढचे सहा दिवस नुसता भात. मासेवाली मला ओळखत होती, म्हणून भाव करायची सोय नव्हती. नुसता उभा राहिलो.

मागून काकीचा आवाज आला. "वाट्यात वाटा घेतंस काय?"

चाळीस-चाळीस काढले. मासेवालीच्या टोपलीवर वाकून काकीने मासे मोजले, एक तुला, एक मला. शेवटी एक जास्तीचा उरला. मी तो माझ्याकडे ओढला.

"घे," ती म्हणाली. "गरीब हायस तू."

पडवीत तारलीचं तिखलं, म्हणजे घट्टसर तिखट कालवण, केलं. बायको ताट घेऊन दारात आली आणि ते पुढे केलं. तिला दोन वाढले. काकीही भात घेऊन आलेली. तिघं जेवलो. जेवण झाल्यावर सवयीने मी फळीवरून गोळीची पट्टी काढली.

"ती कसली?"

"प्रेशरची. रोजची."

"कुठल्या पैशातली?"

माझा हात तोंडाशीच थांबला. तापट माणसाच्या गोळ्या. चोवीस दिवस मी त्या घरातल्या साठ्यातून घेत होतो आणि ध्यानातच आलं नव्हतं. बायको हसायला लागली.

"सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात," मी म्हणालो.

"मग गेलंस काय तू? तिकीट काढून, रांगेत उभं राहून?"

मी म्हणालो, उद्यापासून गोळ्या बंद करतो. दोघी एकदम ओरडल्या, "अजिबात नाय!"

"गोळी खा," काकी म्हणाली. "तू गेलंस तर टेम्पो कोन चालवील?"

मी गोळी खाल्ली आणि हरलो. उरलेले सहा दिवस मात्र पडवीतच काढले. बायको म्हणाली, हट्टाने. थोडं तेही, थोडं पिठल्यासाठी.

आता दर महिन्याला पाचजणींना नेतो. मागे खोक्यांवर सतरंजी टाकून चौघी, पुढे माझ्या शेजारी काकी, गुडघे लांब करून. उंटाचे शब्द तिने अजून मागे घेतलेले नाहीत, आणि मी ते विसरलेलो नाही. परवा संध्याकाळी पडवीच्या कट्ट्यावर म्हणाली, नऊला निघू. मी म्हणालो, साडेनऊ, कारखाना उघडायचा असतो. ती म्हणाली, नऊ. मी म्हणालो, सव्वानऊ. ती कट्ट्यावरून उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी तिच्या अंगणात हॉर्न वाजवला. ती छत्री घेऊन आधीच उभी होती.