लिंबाला झेपेल एवढा धूर

आमच्या विद्यापीठाने कार्बन न्यूट्रल व्हायचं मनावर घेतलं आणि आपल्या धुराच्या बदल्यात तिसगावच्या एका म्हाताऱ्याच्या बांधावर झाडं लावून घेतली. ती मोजायला मी जीपने गेलो. ते बाबा प्रत्येक खोडाला सुतळी गुंडाळून तिच्यावरची गाठ दाखवायचे. "पोळ्याला इथवर हुतं!" बैलाइतकंच कौतुक.

मी समजावलं, "आम्ही तिकडे धूर करतो, तो तुमची झाडं शोषतात."

"व्हय का?" त्यांनी शेजारचं लिंबाचं रोप कुरवाळलं आणि एसीसाठी चालू ठेवलेल्या आमच्या जीपकडे बोट केलं. "मग ती आधी बंद करा, सायेब. लेकरू हाय अजून. एवढं झेपायचं न्हाई."

निघताना ड्रायव्हरने आणि मी जीप चालू न करताच सडकेपर्यंत ढकलत नेली. मागून बाबांनीही हात लावला.