सिनेमा बघून दिगंबरला लावलेला फोन

मंडळी, आज दुपारी कॉम्प्युटर कंपनी काढणाऱ्या दोन मित्रांच्या जीवनावरचा सिनेमा नातीबरोबर पाहिला. लई सुंदर! दोघं खोलीत बसून पहिलं यंत्र जोडतात, तिथं मला शाळेतल्या कवितेच्या तासासारखी तंद्री लागली.

पुढं त्यांचं बिनसतं. आमचंही बिनसलं होतं. वाशीत दिगंबरनं आणि मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. भांडणानंतर मी पाटीवरचं त्याचं नाव रंगानं पुसलं. तेव्हापासून अबोला.

"आजोबा, लावा की फोन त्यांना," नात म्हणाली.

फोन त्याच्या सुनेनं उचलला. मी नाव सांगितलं. "मामा दिवाळीतच गेले. तुम्हाला कळवू नका म्हणाले होते, उगं जिवाला लावून घ्याल म्हणून."

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. रडू आलं न्हाय.

सिनेमा जरूर बघा. पण असा कुणी दोस्त असंल, तर आधी त्याला फोन करा.