बुडबुड्यांची साक्ष

ती घटना आजही आठवते. आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतात ते काचेच्या ग्लासातले बुडबुडे.

मी हिंगोलीकडचा. वडील केकताडाचे दोर वळायचे. केकताड म्हणजे घायपात, बांधावर वाढणारं काटेरी झाड. दोर वळायला हात कमी पडायचे, म्हणून दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढे पोलीस भरतीत निघालो आणि शिपाई म्हणून वसईला आलो. ओळखीचं कोणी नाही, इथली बोली कळत नाही, सुक्या मासळीच्या वासाने जेवण जात नाही. एका वयस्कर हवालदाराने मला हाताशी धरलं. घरी नेऊन जेवू घातलं, स्टेशन डायरी लिहायला शिकवली, आणि खाडीकाठच्या हातभट्ट्यांवर छापे घालताना दारूची पारख शिकवली. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

पारख साधी होती. ग्लासात उंचावरून धार सोडायची. बुडबुडे कडेला गोल धरून थांबले तर माल कडक, पहिल्या धारेचा. लगेच फुटले तर पाणी घातलेलं. पंचनाम्यात याला काही किंमत नसते, पण पुढे कुठे शोधायचं ते कळतं. इतक्या वर्षांत ही परीक्षा मला चुकलेली माहीत नव्हती. पदवीधर अधिकारी येत-जात राहिले, तेही अशा वेळी माझ्याबद्दल म्हणायचे, मामांना बोलवा. कमी शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं. आपल्याला कुणी अडाणी म्हणेल ही धास्ती मात्र सहायक उपनिरीक्षक झालो तरी गेली नव्हती.

निवृत्तीला दीड वर्ष होतं. मनवेलपाड्यातल्या एका भंगारवाल्याने खबर दिली की एका विदेशी दारूच्या रिकाम्या बाटल्या कोणीतरी मागून मागून नेतंय. बूच आणि खोका शाबूत असेल तरच घेतात. न्यायला किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा टेम्पो येतो. दारूचं नाव त्याला नीट सांगता येईना. मी जाऊन बाटली पाहिली. मेझकाल. लेबलवर घायपाताचं चित्र! दूरच्या मेक्सिको देशात त्याचा गाभा भाजून ही दारू काढतात, असं नंतर कळलं. आमच्या बांधावरचं केकताड इतक्या लांबून बाटलीत बसून आलेलं बघून मला उगाचच गावाकडचं कोणी भेटल्यासारखं झालं.

रिकाम्या बाटल्या परत भरल्या जात होत्या, एवढं उघड होतं. भरणारा कोण, हा प्रश्न होता. रिसॉर्टवर माल दोघांच्याच हाताखालून जायचा. एक स्टोअरकीपर, इथल्याच एका जुन्या ख्रिस्ती गावातला, साठीला आलेला, बावीस वर्षं एकाच जागी. दुसरा बारचा मॅनेजर, सहा महिन्यांपूर्वी आलेला, एव्हरशाईन वसाहतीत भाड्याने राहणारा, बोलायला गोड. आम्ही कोठारातली एक बाटली घेतली आणि बारच्या काउंटरवरची एक.

मॅनेजरने आम्हाला काही विचारूच दिलं नाही. स्वतः ग्लास आणला आणि काउंटरवरच्या बाटलीची धार उंचावरून सोडली. "अंकल, ओरिजिनल माल असा असतो. बघा, मोती कसे थांबलेत." खरंच थांबले होते. माझीच विद्या माझ्यासमोर कोणीतरी करून दाखवत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी कोठारातल्या बाटलीची धार सोडली. चार बुडबुडे आले आणि फुटले. धुरकट वास दोन्हींना सारखाच होता.

मी स्टोअरकीपरकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "सायब, हा कारखान्याचा माल. तिथंच पानी घालून एका मापावर आनतात. लेबलवर लिवलंय, चाळीस टक्के. त्याला बुडबुडे धरत नाय. भट्टीची पारख भट्टीला."

एवढं स्पष्ट त्याने सांगितलं होतं. मला वाटलं, हा मला शिकवतोय.

ठाण्यात आमच्या उपनिरीक्षक मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, नमुने प्रयोगशाळेला गेलेत. अहवाल येऊ द्या ना." मी म्हणालो, मॅडम, अहवालाला दोन महिने लागतील, तोवर हा सगळं साफ करून टाकेल. त्यांनी माझ्या अनुभवाचा मान राखला. वरिष्ठांनीही राखला. स्टोअरकीपरला अटक झाली. न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशी मीच केली. हात लावला नाही, पण तेच तेच विचारून माणसाला किती शिणवता येतं ते मला माहीत होतं. माल कुठे भरतोस, स्पिरिट कोण देतं, टेम्पो कोणाच्या सांगण्यावरून जातो. तो प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचा, शब्दसुद्धा न बदलता. खोटं बोलणारा हळूहळू गोष्टीत भर घालतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. इथे माझाच धडा मी विसरलो. त्याने एकच विनंती केली. गावातल्या छोट्या चॅपलची चावी त्याच्या खिशात होती. सकाळी दार तोच उघडायचा, त्याच्या बापापासूनचं ते काम. चावी तेवढी घरी पोचवा, म्हणाला. मी शिपायाबरोबर पाठवली. गणवेशातला शिपाई चावी घेऊन गावात गेला, म्हणजे सगळ्या गावाला कळलं.

त्याला जामीन मिळाला. त्यानंतरच्या रविवारी मी घरी होतो. बायकोने रेशमी साडी धुवायला रिठे भिजत घातले होते. तिने ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं. बुडबुडे कडेला गोल धरून थांबले. हलेनात. मी चहा तसाच ठेवून बघत राहिलो.

"काय झालं हो?" ती म्हणाली. "रिठा कधी बघितला नाही का?"

मी तसाच ठाण्यात गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते. त्या लगेच पथक घेऊन निघाल्या. टेम्पोचा माग काढल्यावर जूचंद्रला मॅनेजरने घेतलेल्या एका खोलीत स्पिरिटचे कॅन, धुराच्या वासाचा अर्क, बुचांचा ढीग आणि पिशवीभर रिठे सापडले. तो दहा मिनिटांत कबूल झाला. म्हणाला, "अंकल, बुडबुडे बघून माल ओळखणारे तुमच्यासारखे लोक असतात ना, त्यांच्यासाठीच रिठ्याचं पाणी टाकायचो." पुढे अहवालही तसाच आला. कोठारातली बाटली अस्सल, काउंटरवरची बनावट. स्टोअरकीपरविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला. कागदावर तो सुटला.

मी त्याच्या घरी गेलो. रिसॉर्टने त्याला परत घेतलं नव्हतं. चॅपलची चावी शेजारच्याकडे गेली होती. कोणी भांडून काढून घेतली नव्हती. तुम्हाला सध्या त्रास आहे, आम्ही बघतो, असं गोडीत सांगून ठेवून घेतली होती. त्याने मला खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग सायब? मला ठावं हाय मी काय केलं नाय. रविवारी चर्चात मिस्सा सुटली का सगळे भायेर उभे असतात. त्यांना सांगा."

मी हो म्हणालो. वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, न्यायालयात अहवाल गेलाय, खात्याचं काम संपलं, गणवेशात असं गावात जाऊन बोलायचं नसतं. मी थांबलो. पेन्शन तोंडावर आली होती. या नोकरीने मला घर दिलं, मुलांना शिकवलं. तिला कुठे डाग लागेल या भीतीने मी निवृत्तीपर्यंत थांबलो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच रविवारी गेलो. साधा शर्ट-पँट. मिस्सा सुटली, लोक बाहेर आले. मी हात जोडून उभा राहिलो आणि सांगितलं की मी अमुक अमुक पोलीस होतो, हा माणूस निर्दोष होता, चूक माझी होती. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने बाजूच्याला विचारलं, "कोन हाय रे हा?" मग ते आपापल्या गप्पांकडे वळले.

स्टोअरकीपर मला फाटकापर्यंत सोडायला आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आलात, बरं वाटलं. पन सायब, न्यायला आलता तवा वर्दीत आलता."

या केसने काय शिकवलं, असं नवे अधिकारी मला विचारतात. मी त्यांना सांगतो, तुमची पारख तुम्ही जिथे शिकलात तिथलीच असते, नव्या मालासमोर ती पुन्हा तपासा, आणि अहवालाची वाट बघा. ते मान डोलावतात. दुसरी गोष्ट मी सहसा सांगत नाही. चूक कबूल करायची असेल तर अंगावर वर्दी आहे तोवर करा. माझी आता कपाटात घडी घालून ठेवलेली आहे, आणि त्या चॅपलचं दार अजूनही शेजारीच उघडतो.