लाल फडक्यातला नारळ

ती घटना आठवली की आजही अंगात तरतरी येते. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. दहिसर चेकनाक्याच्या बाजूला आमची हद्द. गुरुवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एक गृहस्थ धापा टाकत पोलीस ठाण्यात शिरले. मूळचे मालवणकडचे, इथे एका ऑफिसात कारकून. गावच्या धाकट्या भावासाठी त्यांनी नवी कोरी मोटारसायकल घेतली आणि ट्रान्सपोर्टने कुडाळला पाठवली. ट्रक पोचला, गाडी नाही!

"सायबानु, सोमवारी भाव कामार लागतलो. गावागावात औषधा पोचवूची आसत. गाडी नाय तर नोकरी नाय," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

तक्रार नोंदवली. ट्रान्सपोर्टचा गोदामवाला फोनवर ठाम होता, गाडी ट्रकमध्ये चढली, वाटेत कोणी उतरवली असेल. इतक्यात आमच्या हवालदाराने बातमी आणली. गोदामातला एक हमाल चहाच्या टपरीवर बोलून गेला होता, "गाडी चढलीच नाय, भाऊ."

मी तडक गोदाम गाठलं. गोदामवालाही कोकणातलाच, पन्नाशीचा, गोडबोल्या. माझा अनुभव सांगतो, खोटं बोलणाऱ्याला नकार द्यायला लावू नये, वर्णन करायला लावावं.

"गाडी कशी पॅक केलीत? सगळं सांगा."

गडी खुलला. "पेट्रोल काढलं, आरसे काढले, पुठ्ठा, वर गोणपाट. एकदम झकास! हँडलला पार्टीचा नारळ होता लाल फडक्यात, तोपण तसाच ठेवला."

नारळाचं मला तक्रारदारांनी सांगितलंच होतं. गावदेवीसमोर फोडून गाऱ्हाणं घालायचं, मगच भावाने गाडीवर बसायचं. मी मान डोलावली आणि सहज त्याच्या टेबलामागच्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथे लाल फडक्यात बांधलेला नारळ होता, वर ताजं जास्वंद!

"गाडी गेली, मग नारळ कसा मागे राहिला हो?"

त्याचा चेहरा पडला. तो मटकन खाली बसला.

"सायबा, चुकलंय. गाडी मेव्हण्याकडे आसा, जुहूक. पण दुसऱ्याच्या देवाचो नारळ... फोडूचो कसो नि टाकूचो कसो? गणपतीक गावाक जातलंय तेव्हा देवळात ठेवतलो होतंय."

दुपारपर्यंत गाडी ताब्यात! सीटचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मुद्देमाल सोडवताना लोकांच्या चपला झिजतात, पण शुक्रवारी मी स्वतः कोर्टात उभा राहिलो आणि संध्याकाळी गाडी तक्रारदारांच्या हवाली केली. आता ट्रान्सपोर्ट नको म्हणाले. शनिवारी पहाटे हँडलला तोच नारळ बांधून ते स्वतःच निघाले. मला तर त्यांच्या मागे बसून जावंसं वाटत होतं!

त्या केसने मला एक शिकवलं. तोवर चोरीच्या जागी गेलो की मी काय गेलं ते विचारायचो. नंतर काय मागे राहिलं ते आधी बघू लागलो. माणूस चोरी करतानाही कुठेतरी थांबतो, आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सोमवारी सकाळी ठाण्यात तक्रारदारांचा फोन आला. पलीकडे देवळातला गलका आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराचा खणखणीत आवाज, "गाडी सुखरूप इली, पोराक यश दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले.

"आणि जेणी गाडी पळवल्यान पण नारळ जपल्यान, त्याकाय बरी बुद्धी दी रे महाराजा!"

स्टेशन डायरी लिहिणारा अंमलदार दचकून वर बघायला लागला, कारण फोन कानाला लावून मीही मोठ्याने म्हणालो होतो, "होय महाराजा!"