मालनबाईनं मोजलेलं इंजिन

मालन सरतापेकडं कुणी जळका स्टार्टर, म्हंजे इंजिन चालू करायची मोटर, घेऊन आलं, की ती आधी स्टार्टरकडं बघत नाही. इंजिन कुठलं, बॅटरी कुठं ठेवलीय, याच्याआधी किती जाळले, हे विचारते. गिऱ्हाईक वैतागतं. त्याला वाटतं, मोटर टेबलावर ठेवलीय, उघड की बाई. मालनचं म्हणणं असं, की मोटर आपल्या मनानं जळत नाही, तिला कुणीतरी जाळतंय; ते कोण, ते आधी बघू.

तिचा गाळा मुलुंडात. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. माणदेशातली पोर, लग्न होऊन इकडं आली आणि विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात लागली. तिथं सतरा बायका तांब्याची तार गुंडाळायच्या. गावाकडं गोधडीला बारीक टाका घालणारी बोटं. तारेचा पदर मोजून बसवायला त्यांना वेगळं काय शिकवायचं? कारखाना मोडला, तिथं टॉवर उभे राहिले. सोळा जणी जमेल त्या कामाला लागल्या, मालननं गाळा घेतला. सुरुवातीला लोक दारात उभं राहून विचारायचे, मिस्त्री कुठायत? ती हातातली तार न सोडता सांगायची, "समोर बसलेत."

औंदाच्या जुलैत तिच्याकडं गुणाजी आला. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातला तांडेल, म्हंजे बोटीचा कारभारी. बोट त्याची स्वतःची. मे महिन्यापासून त्याचे तीन स्टार्टर जळले होते आणि तिसरा त्याच्या खांद्यावर होता. मासेमारीची बंदी उठायला पाच दिवस राहिलेले. त्याच्या सात खलाशांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, शनिवारपर्यंत इंजिन नीट चालू झालं नाही तर आम्ही दुसऱ्याच्या बोटीवर चढतो. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पोट सगळ्यांनाच आहे. पण हंगामाच्या तोंडावर खलाशी गेले की नवे मिळत नाहीत. बोट धक्क्यालाच कुजते.

गुणाजी मांडणीवरचे स्टार्टर एकेक करून हातानं उचलून बघायला लागला. सगळ्यात जड होता तो त्यानं छातीशी धरला आणि हाच दे म्हणाला. मालननं तो काढून परत जागेवर ठेवला. म्हणाली, बैल दावणीला बघून घेत नाहीत, आधी रान कसलं ते बघतात. उद्या बोटीवर येते.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन धक्क्यावर गेली. बोटीत सहा सिलिंडरचं, ट्रकच्या जातीचं डिझेल इंजिन. गुणाजी कौतुकानं सांगत होता, की बंदीच्या आधी मेकॅनिककडून त्याचं काम करून घेतलं. त्यानं हेड, म्हंजे सिलिंडरवरचं झाकण, घासलं, त्याखालचं गॅस्केट पातळ घातलं, आणि आता बोट अशी पळते की बाकीचे बघत राहतात. मालन तिथंच थांबली. हेड घासलं म्हंजे हवा दाबायला जागा कमी उरली, म्हंजे दाब वाढला, म्हंजे ते इंजिन फिरवायला पहिल्यापेक्षा जोर जास्त लागणार. आणि स्टार्टर मात्र तोच जुन्या मापाचा.

पण असं नुसतं बोलून तांडेलाला पटत नसतं. तिनं वजनाचा काटा मागितला. गुणाजीची बायको रत्नप्रभा चेंबूरच्या बाजारात मासे विकते. तिच्याकडं टांगायचा स्प्रिंगचा काटा होता. तो दुसऱ्याच्या हातात द्यायला ती तयार होईना, म्हणून स्वतःच घेऊन बोटीवर आली. मालननं डिझेल बंद केलं, इंजिनच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला, पान्यात तीन फुटी पाइप घातला आणि पाइपाच्या टोकाला काटा अडकवला. रत्नप्रभानं ओढला. इंजिन दाबावर आलं, अडलं, मग हळूच पलीकडं गेलं. अडलं त्या जाग्यावर काटा अठ्ठावीस किलो दाखवत होता.

मग तिघं शेजारच्या बोटीवर गेली. तिथं तेच इंजिन, पण न घासलेलं. तोच पाइप, तोच काटा. एकोणीस.

गुणाजीनं दोनदा ओढायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा रत्नप्रभा तापली. "माझा काटा खोटा नाय. तुजा मेकॅनिक खोटा."

"मंग मी काय सांगत व्हतो?" गुणाजी म्हणाला. "अजून मोठाच पायजे."

त्याचं बोलणं वरवर बघितलं तर बरोबर होतं, आणि इथंच सगळे फसतात. मालननं त्याला समजावलं. मोठा जड स्टार्टर करंट पण मोठा ओढतो. तुझ्या बॅटऱ्या वर केबिनमध्ये, वायर लांब आणि करंगळीएवढी. अर्ध्या वाटेतच जोर संपतो. मोटर अडून बसते, आणि अडलेली मोटर जळते. तुला लागतोय गिअरचा स्टार्टर. त्यातली मोटर लहान, पण जोरात फिरते. पुढं आत गिअर आहेत, ते वेग कमी करतात आणि ताकद वाढवतात. "जॅकनं ट्रक उचलनारा मानूस काय पैलवान असतो का, तांडेल?"

तांडेल हो म्हणाला. पटलं म्हणून नव्हे, दुसरा इलाज नव्हता म्हणून.

शुक्रवारी सकाळी तिनं पिशवीतून स्टार्टर काढला, तेव्हा सातही खलाशी काठावर बसले होते. जुन्याच्या शेजारी तो ठेवला तर रेड्याशेजारी करडू. खलाशांतला एक बोलला, मिक्सरची मोटर काढून आनलीय वाटतं.

"हाताचं बोट घालून बगतोस का त्यात?" मालन म्हणाली. हसू त्याच्याच अंगावर गेलं.

गुणाजी मात्र हसला नाही. "बाय, यो खेलना हाय. माझे सात मानूस बगतान."

"बगू द्या की."

तिनं जुन्या आणि नव्याच्या पुढच्या चाकाचे दात मोजले, बोल्टची भोकं जुळवली, स्टार्टर बसवला. बॅटऱ्या केबिनमधून खाली आणून इंजिनाजवळ लाकडी पेटीत बांधल्या आणि अंगठ्याएवढी जाड केबल टाकली. यात दुपार झाली. मग तिनं बटण दाबलं.

इंजिन फिरलं. फिरत राहिलं, पण चालू झालं नाही. तिनं बटणावरचं बोट काढलं, परत दाबलं. परत तेच. खलाशांतला सगळ्यात थोरला उठला आणि चप्पल घालायला लागला. गुणाजीनं खांबाला टेकून डोळे मिटले.

मालन वाकली होती आणि स्टार्टरच्या अंगावर तळहात ठेवून होती. कोमट लागत होता, चटका नव्हता. "डिझेल मीच बंद ठेवलंय," ती म्हणाली. "मला आधी यालाच बगायचं व्हतं." आणि तिनं डिझेल सोडलं.

या वेळी बटण दाबलं न दाबलं तोच सहाही सिलिंडर बोलले. काळ्या धुराचा लोट खलाशांच्या तोंडावर गेला. थोरला खोकत तसाच उभा राहिला, एक चप्पल पायात, एक हातात.

मालननं इंजिन लगेच बंद केलं. गरम इंजिन कुणीपण चालू करतं, ती म्हणाली, थंड होऊ द्या. रत्नप्रभानं सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी आणली. सगळे धक्क्यावर बसून जेवले. मालन दोन भाकरी जेवली आणि जाळ्याच्या ढिगाला टेकून पडली. तीन तासांनी तिनं उठून इंजिनाला हात लावला आणि गुणाजीला म्हणाली, आता तुमी दाबा.

गुणाजीनं हात पुसले. दाबलं. लागलं. बंद केलं. दाबलं. लागलं. तो तसंच करत राहिला, सात, आठ, नऊ वेळा. शेवटी रत्नप्रभाच ओरडली, की डिझेल काय तुझ्या बापाच्या विहिरीतून येतं का.

थोरल्या खलाशानं चप्पल काढून धक्क्यावर टाकली आणि बाकीच्या सहा जणांना काहीतरी म्हणाला. मालन पाने पुसून पिशवीत भरत होती तोवर बर्फाचा टेम्पो धक्क्याला लागला होता, आणि कुणी न सांगता सातही जण रांग लावून लाद्या बोटीत उतरवायला लागले होते.